किझी बेट आणि तिथलं बावीस घुमटांचं लाकडी चर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशियाला जाऊन आलेले, जायच्या तयारीत असलेले आणि नुसता फोटो बघून भुललेले, अशा सगळ्याच वाचकांचे प्रश्न इथे आहेत. तेच तेच पुन्हा येतात म्हणून एका जागी आणले. दोन उत्तरं एकमेकांत गुंतलेली असतील तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. किझी म्हणजे नक्की काय? गाव, बेट की चर्चचं नाव?

मुळात बेट. रशियाच्या वायव्येला, कारेलिया प्रजासत्ताकात ओनेगा नावाचं प्रचंड सरोवर आहे. लादोगानंतर युरोपातलं हे दुसऱ्या क्रमांकाचं, क्षेत्रफळ जवळपास 9,700 चौरस किलोमीटर. त्याच्या उत्तर भागात, लांबीला साधारण सहा किलोमीटर आणि रुंदीला जेमतेम एक किलोमीटर अशी जी चिंचोळी पट्टी आहे, ती किझी. तिच्या दक्षिण टोकाकडे दोन चर्च आणि एक घंटाघर आहे. या तिघांना मिळून 'किझी पोगोस्त' म्हणतात. 1990 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं ते हे पोगोस्त. सगळं बेट नव्हे.

2. पोगोस्त म्हणजे काय? आणि गाव कुठे आहे? फोटोत तर चर्चभोवती घरं दिसत नाहीत.

बरोबर पाहिलंत. पोगोस्तात गाव नसतं, पोगोस्त गावांचं असतं. इथे वस्ती अशी विखुरलेली होती की एका गावात चार-सहा घरं, मग पाणी, मग पुढचं गाव. अशा पंचक्रोशीचं एक मधलं ठिकाण म्हणजे पोगोस्त. चर्च तिथे, दफनभूमी तिथे, कराचा हिशेब तिथे, सणावाराला जमायचं ते तिथेच. सोळाव्या शतकात किझी पोगोस्ताखाली शंभरहून अधिक गावं होती. ती एकट्या या बेटावर नव्हती, आजूबाजूच्या बेटांवर आणि किनाऱ्यांवर पसरलेली होती. लोक उपासनेला होडीनं यायचे. चर्च चारही बाजूंनी, दूरवरून, पाण्यावरून दिसेल असं का बांधलं याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

1563 च्या सरकारी नोंदवहीत इथे दोन चर्च असल्याचं लिहिलं आहे. म्हणजे आज दिसतात त्या इमारतींच्या कितीतरी आधीपासून ही जागा वापरात होती.

3. एका आवारात दोन चर्च कशाला? वेगवेगळ्या पंथांची आहेत का?

नाही. दोन्ही ऑर्थोडॉक्स, दोन्ही एकाच पंचक्रोशीची. एक उन्हाळ्याचं, दुसरं हिवाळ्याचं. मोठं, बावीस घुमटांचं रूपांतर चर्च (ख्रिस्ताच्या रूपांतराच्या सणावरून हे नाव), त्याला तापवायची सोयच नाही. तिथल्या थंडीत एवढी उंच इमारत तापवणं शक्यही नव्हतं. म्हणून शेजारी बैठं, शेगडीची सोय असलेलं पोक्रोव चर्च, नऊ घुमटांचं. त्याचं आजचं रूप 1764 चं. त्याच्या आत उपासनेच्या दालनाआधी एक ऐसपैस दालन लागतं. उत्तरेकडच्या रशियन गावांत अशा दालनात गावसभा भरायच्या, तंटे सुटायचे. आपल्याकडे देवळाच्या सभामंडपात चालायचं ते सगळं तिथे चालायचं.

तिसरी इमारत घंटाघर. ते 1862 चं आणि 1874 मध्ये पुन्हा उभारलेलं, म्हणजे या तिघांत सगळ्यात धाकटं.

4. मोठं चर्च कधी बांधलं? कोणी?

सतराव्या शतकाच्या अखेरीस जुनं चर्च वीज पडून जळालं. नव्याचा पाया 6 जून 1714 ला, तेव्हाच्या रशियन पंचांगाप्रमाणे, घातला गेला. पीटर द ग्रेटचा काळ होता तो. स्वीडनशी युद्ध चालू होतं आणि ओनेगाच्या काठी तोफा ओतण्याचे कारखाने निघाले होते. पेत्रोझावोद्स्क शहर 1703 मध्ये त्यातूनच वसलं.

कोणी बांधलं, याची एक दंतकथा सगळे वाटाडे सांगतात. नेस्तर नावाच्या सुतारानं शेवटचा घुमट बसवला, आपली कुऱ्हाड सरोवरात भिरकावली आणि म्हणाला, असं चर्च कधी झालं नाही, आज दुसरं नाही आणि पुढे होणारही नाही. दुसरी दंतकथा पीटरनं स्वतः नकाशा काढून दिल्याची. दोन्ही ऐकायला छान आहेत, पण कागदोपत्री आधार एकीलाही नाही. दिसतं ते एवढंच की काम कसलेल्या सुतारांच्या टोळीचं आहे, आणि त्या टोळीनं असली बांधणी पहिल्यांदाच केली नसणार (प्रश्न 15 पाहा).

5. बावीस घुमट मोजायचे कसे? मला दर वेळी कमीच भरतात.

एका बाजूनं कधीच सगळे दिसत नाहीत. खालून वर मोजा. चर्चचा गाभा म्हणजे ओंडक्यांचा एक मोठा अष्टकोन. त्याला चार दिशांना चार पाखं जोडली आहेत आणि प्रत्येक पाखं दोन पायऱ्यांचं आहे. दर पायरीवर एक घुमट, म्हणजे चार आणि चार मिळून आठ. मग मोठ्या अष्टकोनावर आठ. त्यावर एक लहान अष्टकोन, त्यावर चार. सगळ्यात वर, तिसऱ्या अष्टकोनावर, एक. झाले एकवीस. बावीसावा पूर्वेला, गाभाऱ्याच्या बाहेर आलेल्या भागावर एकटाच बसलेला आहे, आणि मोजताना नेमका तोच सुटतो.

सगळे घुमट एका मापाचे नाहीत. थरागणिक आकार बदलतो. जमिनीवरून पाहताना रचना निमुळती होत वर जाते असं जे वाटतं, ती त्या बदलत्या मापांची करामत. एकूण उंची 37 मीटर.

6. "एकही खिळा न वापरता" बांधलं, हे खरं का?

अर्धं खरं. सर्वाधिक आलेला प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

भिंतींसाठी खरोखरच खिळा लागत नाही. पाइनचे ओंडके आडवे एकावर एक रचतात. कोपऱ्यात खाच पाडून एक ओंडका दुसऱ्यात बसवतात. वरच्या ओंडक्याच्या पोटाला लांबट पन्हळ कोरलेली असते, ती खालच्या ओंडक्यावर घट्ट बसते. वजनानं सगळं आणखी आवळलं जातं. हे काम कुऱ्हाडीचं. सुतारांना करवत माहीत नव्हती असं नाही. पण करवतीनं तंतू फाटून उघडे पडतात आणि पाणी पितात, कुऱ्हाडीच्या घावानं ते दबून बंद होतात. पावसा-बर्फाच्या मुलखात हा फरक महत्त्वाचा.

घुमटांची गोष्ट वेगळी. त्यांच्यावर आस्पेनच्या लाकडाच्या छोट्या, टोकाकडे पायऱ्यापायऱ्यांची कापलेल्या, किंचित वाकलेल्या फळ्या आहेत, तीस हजारांच्या आसपास. त्या लोखंडी खिळ्यांनीच ठोकलेल्या आहेत. तेव्हा "खिळा नाही" हे भिंतींबद्दल म्हणा, चर्चबद्दल म्हणू नका.

7. घुमट चांदीचे आहेत का? फोटोत चकाकतात.

नाही, प्रश्न 6 मधल्या त्याच आस्पेनच्या फळ्या. ताज्या असताना पिवळसर दिसतात, काही वर्षं ऊन-पाऊस खाल्ला की राखाडी होतात आणि तिरप्या उन्हात चंदेरी झळाळी धरतात. ढगाळ दिवशी गेलात तर करडेच दिसतील. मग फोटोवाल्यांना दोष देऊ नका.

8. लाकडाच्या इतक्या फटी असताना पाणी आत कसं येत नाही?

येतं, आणि येणार हे धरूनच बांधलंय. मला स्वतःला या चर्चमधलं हे सगळ्यात हुशार काम वाटतं, पण त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. घुमटांच्या आणि बाहेरच्या छपरांच्या आत, कोणाला दिसणार नाही असं, दुसरं छप्पर आहे. वरून झिरपलेलं पाणी त्यावर पडतं, उतारानं एकत्र येतं आणि पन्हळीतून भिंतीच्या बाहेर टाकलं जातं. एवढी घुमटांची गर्दी म्हणजे पाणी साचायला तेवढेच कोपरे. आतल्या छपराशिवाय ही इमारत तीनशे वर्षं टिकलीच नसती.

9. खेड्यातल्या शेतकऱ्यांकडे असल्या बांधकामाला पैसा कुठून आला? ते तर भूदास होते ना?

भूदास, म्हणजे जमीनदाराला बांधलेले शेतकरी, नव्हते, निदान मध्य रशियातल्यासारखे नव्हते. झाओनेझ्ये म्हणजे ओनेगापलीकडच्या या पट्ट्यात जमीनदारांची मिरासदारी रुजलीच नाही. हे लोक मूळचे नोव्हगोरोद या जुन्या शहर-राज्याकडून आलेले. 1478 मध्ये नोव्हगोरोद मॉस्कोच्या ताब्यात गेल्यावर ते थेट राज्याचे शेतकरी झाले. शेतीपेक्षा मासेमारी, होड्या बांधणं, सुतारकाम, पुढे पीटर्सबर्गला हंगामी कामाला जाणं, यावर घर चालायचं. चर्च पंचक्रोशीनं स्वतःसाठी बांधलं.

मात्र डोक्यावर जमीनदार नाही म्हणजे वेठ नाही, असं समजू नका. पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

10. किझीच्या बंडाबद्दल वाचलं. नेमकं काय झालं होतं?

पीटरच्या काळापासून इथले शेतकरी ओनेगा परिसरातल्या, ओलोनेत्स भागातल्या सरकारी कारखान्यांना जोडून दिले गेले होते. झाडं तोडा, कोळसा पाडा, गाड्या हाका, कर भागेपर्यंत राबा. आपल्या भाषेत वेठबिगारच. 1769 मध्ये, कॅथरीन दुसरीच्या राज्यात, त्यात नवी भर पडली: लिझ्मा इथे नवा कारखाना उभारायचा आणि तिव्दियाच्या खाणींतून संगमरवर काढायचा. तो संगमरवर राजधानी पीटर्सबर्गच्या बांधकामांसाठी होता. नेमकं शेतीच्या हंगामात माणसं बोलावली जात.

लोकांनी नकार दिला. जमले कुठे? पोगोस्तात. पंचक्रोशीनं एकत्र यायची जागा तीच (प्रश्न 2). सभा इथे झाल्या, राजधानीला पाठवायचे अर्ज इथे ठरले. अर्ज घेऊन गेलेल्यांना तिथे शिक्षा झाली. बंड पसरत गेलं, सुमारे 40,000 शेतकरी त्यात होते असं इतिहासकार सांगतात. पुढारी तीन: क्लिमेंत सोबोलेव, आंद्रेई साल्निकोव आणि सेम्योन कोस्तिन. 1771 च्या जुलैत प्रिन्स उरुसोवच्या हाताखालचं सैन्य तोफांसह बेटावर आलं. लोकांनी शरण जायला नकार दिला तेव्हा पोगोस्तासमोरच्या जमावावर तोफा डागल्या. पुढाऱ्यांना चाबकाचे फटके मारले, नाकपुड्या फाडल्या आणि जन्मभरासाठी सैबेरियातल्या नेरचिन्स्कच्या खाणींत धाडलं.

पर्यटकांच्या माहितीपत्रकात या प्रकरणाला दोन ओळी मिळतात आणि घुमटांना दोन पानं. हिरवळीवर उभं राहून फोटो काढताना समोरची जागा कोणती आहे, एवढं तरी लक्षात असावं.

11. सोव्हिएत काळात चर्च पाडलं कसं नाही?

वास्तुकला म्हणून आधीच नाव झालेलं होतं. 1920 मध्येच ते सरकारी संरक्षणाखाली आलं. म्हणजे इमारत वाचली, धर्म नाही वाचला. 1937 मध्ये उपासना बंद झाली आणि शेवटच्या धर्मगुरूला अटक करून गोळ्या घालण्यात आल्या.

1941 ते 1944 इथे फिनलंडच्या सैन्याचा ताबा होता. बरीच मूर्तिचित्रं (लाकडी फळीवर रंगवलेली पवित्र चित्रं) फिनलंडला नेली गेली, युद्धबंदीनंतर ती परत आली. मोठ्या चर्चचं रंगवलेलं छत मात्र त्या युद्धाच्या वर्षांत कायमचं गेलं. त्याच काळात लार्स पेटरसन या फिनिश कला-इतिहासकारानं इथल्या चर्चांचा बारकाईनं अभ्यास केला, आणि त्यानं टिपून ठेवलेल्या काही इमारती आज जागेवर उरलेल्याही नाहीत. शत्रूच्या सैन्यासोबत आलेल्या माणसानं केलेली नोंद पुढे उपयोगी पडावी, हा योगायोग विचित्रच.

पोक्रोव चर्चमध्ये 1994 पासून उपासना पुन्हा सुरू झाली.

12. जुन्या फोटोत हे चर्च पांढरट, फळ्या मारलेलं दिसतं. तेच आहे का?

तेच. एकोणिसाव्या शतकात भिंतींना बाहेरून फळ्या ठोकल्या गेल्या आणि घुमटांवर लोखंडी पत्रा चढला. त्या वेळची शहरी आवड तशी होती. 1950 च्या दशकात वास्तुविशारद अलेक्सांद्र ओपोलोव्निकोव यांनी ते सगळं उतरवून ओंडके उघडे केले आणि आस्पेनच्या फळ्या परत आणल्या. आज आपल्या डोळ्यांत असलेलं किझी हे त्यांनी दाखवलेलं किझी आहे. आवाराभोवतीची ओंडक्यांची भिंतसुद्धा 1959 ची, इतर जुन्या आवारांचे नमुने पाहून केलेली.

यावर जाणकारांत दोन तट आहेत. फळ्यांचं आवरण कुरूप असेल, पण भिंतींचा पाऊस तेच झेलत होतं, असं एक मत. मला ते पटतं. तरी आजचं रूप एकदा पाहिल्यावर आवरण परत घाला असं म्हणायला जीभ रेटत नाही.

13. मी 1990 च्या दशकात गेलो होतो, तेव्हा आत जाऊ दिलं नव्हतं. आता देतात का?

हो, 2020 पासून. मधली चाळीस वर्षं ते बंद होतं. ओंडके कुजल्यानं इमारत वाकडी होत चालली होती. 1980 मध्ये मूर्तिचित्रं उतरवली आणि आतून पोलादी सांगाडा उभारून इमारत तोलून धरली. पडणार नाही एवढीच हमी, दुरुस्ती नव्हे. पुढे काय करावं यावर वर्षानुवर्षं वाद झाले. संपूर्ण उकलून पुन्हा जोडा, असंही सुचवलं गेलं.

शेवटी 2009 मध्ये सुरू झालेली पद्धत अशी: चर्च आडव्या सात पट्ट्यांत विभागलं. वरचा सगळा भार जॅकनं उचलून टांगता ठेवला आणि खालचा पट्टा बाहेर काढला. दर ओंडक्याला क्रमांक होताच. बेटावरच्याच कार्यशाळेत नेऊन तो तपासला. नुसता काही भाग कुजला असेल तर तेवढाच कोरून काढून त्याच मापाचं नवं लाकूड बसवलं. अगदीच गेलेला असेल तरच ओंडका बदलला. पट्टा कार्यशाळेत जुळवून पाहिला, मग जागेवर नेला. त्यानंतर वरचा पट्टा. अकरा वर्षं हे काम चाललं आणि या काळात घुमट सतत हवेतच होते, जमिनीवर एकदाही आले नाहीत.

आत 102 मूर्तिचित्रांची, चार रांगांची सोनेरी भिंत आहे. कोरीव चौकट अठराव्या शतकातली. बाहेरून आलेल्याला अंदाज असतो की आतही छत 37 मीटर उंच असेल. तसं नाही. दालनाचं छत बरंच खाली आहे. वरचा सारा पसारा बाहेरून पाहणाऱ्यांसाठीच आहे.

14. बेटावरची बाकीची घरं, पवनचक्की, छोटी चर्चं, ही किझीचीच ना?

बहुतेक नाहीत, आणि हे स्पष्टपणे सांगायलाच हवं. 1951 पासून पुढे कारेलियाच्या वेगवेगळ्या भागांतून लाकडी इमारती उकलून इथे आणल्या गेल्या आणि 1966 मध्ये रीतसर संग्रहालय स्थापन झालं.

ओशेव्नेव कुटुंबाचं 1876 चं घर शेजारच्या बेटावरून आलं. ते आवर्जून पाहा. माणसं, गुरं, गवत, होडीचं सामान सगळं एका अवाढव्य छपराखाली. मागच्या बाजूला ओंडक्यांचा उतार आहे, त्यावरून घोडागाडी थेट वरच्या मजल्यावरच्या गवताच्या कोठारात जायची. कडाक्याच्या थंडीत गोठ्यात जायला घराबाहेर पाऊल टाकावं लागत नसे. लाझरसचं इवलंसं चर्च, परंपरा त्याला चौदाव्या शतकातलं मानते, ते ओनेगाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मुरोम मठातून 1959-60 मध्ये आणलं.

मूळ जागी काय आहे? पोगोस्तातल्या तीन इमारती आणि वासिल्येवो गावातलं छोटं प्रार्थनामंदिर. वासिल्येवो आणि याम्का ही बेटावरची खरी गावं, तिथे आजही माणसं राहतात. त्यांच्या अंगणात शिरून फोटो काढू नका.

15. अशी दुसरी बहुघुमटी लाकडी चर्चं कुठे आहेत? आणि किझीचं सर्वांत उंच का?

उंचीत पहिलं नाही. कारेलियातल्याच कोंदोपोगाचं 1774 चं चर्च 42 मीटर होतं. ते 10 ऑगस्ट 2018 ला एका अल्पवयीन मुलानं लावलेल्या आगीत जळून गेलं.

घुमटांच्या बाबतीत सख्खा थोरला भाऊ होता: वितेग्राजवळ अन्खीमोवो इथलं 1708 चं पोक्रोव चर्च. बांधणी याच धर्तीची आणि किझीच्या सहा वर्षं आधीची. नेस्तरच्या दंतकथेला खरा शह त्याचाच. तेही 1963 मध्ये जळालं. त्याची मापं नोंदवून ठेवलेली होती, त्यामुळे या शतकात सेंट पीटर्सबर्गच्या बाहेर त्याची पूर्णाकृती प्रतिकृती उभी राहिली. ओनेगापर्यंत जाणं जमत नसेल तर ती पाहा. मात्र ते नवं लाकूड आहे हे ध्यानात ठेवून.

16. बिलिनी (वीरांची जुनी रशियन कवनं) गाणारे र्‍याबिनिन इथलेच का?

याच पंचक्रोशीतले. त्रोफिम र्‍याबिनिन (मृत्यू 1885) हा मासेमारी करणारा, जाळी विणणारा शेतकरी. कीवच्या दरबारातल्या वीरांची शेकडो ओळींची कवनं त्याला तोंडपाठ होती. राजकीय शिक्षा म्हणून पेत्रोझावोद्स्कला पाठवलेल्या पावेल रिब्निकोव यांनी 1860 मध्ये ती उतरवून घेतली, 1871 मध्ये अलेक्सांद्र हिल्फर्डिंग यांनी पुन्हा. गंमत अशी की खुद्द कीवकडे ही परंपरा विरून गेली आणि हजार किलोमीटर उत्तरेला, जाळी विणताना, ती जगली. त्याचा मुलगा आणि पुढच्या पिढ्याही गायच्या.

17. जायचं कसं? आणि कधी?

सेंट पीटर्सबर्ग किंवा मॉस्कोहून रेल्वेनं पेत्रोझावोद्स्क. तिथून पाण्याखालच्या पंखांवर उचलली जाणारी वेगवान बोट सरोवरातून 68 किलोमीटर जाते, साधारण सव्वा तास लागतो. बोटी बर्फ वितळल्यावर, म्हणजे साधारण मेच्या मध्यापासून शरद ऋतूपर्यंत. वारा चढला तर फेरी रद्द होते, त्यामुळे त्याच रात्रीचं परतीचं रेल्वे तिकीट काढून ठेवू नका. जूनमध्ये रात्र जवळजवळ होतच नाही. हिवाळ्यात सरोवर गोठतं, तेव्हाही जाता येतं, पण साधनं कमी आणि महाग.

18. बेटावर साप आहेत म्हणतात. खरं?

खरं. घोणशीच्या कुळातला व्हायपर तिथल्या गवतात असतो, तसे फलकही लावलेले आहेत. पायवाट सोडू नका, गवतात बसकण मारू नका, घोट्याच्या वर येणारे बूट घाला. आणि सिगारेट फक्त ठरवून दिलेल्या जागीच. या नियमात कोणी सूट देत नाही, आणि प्रश्न 15 वाचल्यावर का ते विचारावं लागणार नाही. बेटावर स्वतंत्र अग्निशमन दल चोवीस तास तैनात असतं.